पायरीबाईची पहिली पायरी

ऑफिसात तिला पायरीबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण लिफ्टपाशी दोघं कुजबुजत असले आणि ती आली, की एकदम हवामानाची चर्चा सुरू व्हायची. तिला राग येत नसे. उलट मनातून बरंच वाटे. माणसाला कामावरून नाव पडावं हे काही थोडं नाही. त्याच मजल्यावर एकाला नुसतं 'टकल्या' म्हणत, आणि तो बिचारा उभी हयात प्रोग्राम लिहीत होता.

तिची कंपनी शिलाईच्या दुकानांसाठी ॲप बनवायची. गिऱ्हाइकाचं माप, कपडा द्यायची तारीख, कारागिरांना काम वाटणं, सगळं फोनवर. त्यात हिचं काम काय, तर नव्या दुकानदाराला त्या ॲपच्या घरात घ्यायचं. ऑफिसात त्याला ऑनबोर्डिंग म्हणत आणि म्हणताना जरा मान ताठ करत.

"नव्या सुनेला पहिल्याच दिवशी सगळी कपाटं उघडून दाखवलीत, तर ती घाबरून माहेरी पळेल," ती प्रत्येक मीटिंगमध्ये सांगायची. "आधी पाण्याचा नळ दाखवा. मग गॅस. कुठलं दार अडकतं आणि सासरा कुठल्या खुर्चीतून उठत नाही, ते तिचं तिला कळतं." लोक दर वेळी त्याच जागी हसत. अलीकडे जरा कमी हसत.

म्हणून तिच्या ॲपमध्ये पहिल्या दिवशी पडद्यावर एकच बटण असे, 'माप भरा'. काही गिऱ्हाइकांची मापं भरून झाली की दुसरं बटण उगवायचं, 'तारीख द्या'. ते अंगवळणी पडलं की तिसरं, 'निरोप पाठवा', म्हणजे कपडा तयार असल्याचं गिऱ्हाइकाला कळवायचं. मग चौथं, 'कारागीर जोडा'. दर पायरीला एक रंगीत फुगा वर यायचा आणि शाबासकी द्यायचा. आधीची पायरी चढल्याशिवाय पुढची दिसायचीच नाही. ही तिची अक्कल, आणि तिचा तिला फार अभिमान.

तिच्या समोरच्या टेबलावर बसायचा धबधब्या. हे नाव मात्र तिने स्वतः ठेवलेलं. त्याचं म्हणणं, सगळी बटणं पहिल्याच पडद्यावर ओतून द्या. "दुकानदार काय दूधपितं बाळ आहे का? ज्याला जे हवं ते तो उचलेल." दोघांचं जमायचं नाही ते नाहीच. त्यातच डिझाइनच्या प्रमुखबाई नोकरी सोडून गेल्या आणि काचेच्या खोलीतली खुर्ची रिकामी झाली. वरच्या साहेबांनी, ज्यांना आलेखाची रेघ वर जाताना दिसली की जेवण गोड लागे, सरळ सांगून टाकलं, "हंगाम संपेपर्यंत ज्याच्या पद्धतीने दुकानं टिकतील, ती खुर्ची त्याची."

पायरीबाईला ती खुर्ची हवी होती. हवी म्हणजे कशी, तर ऑफिसातून निघताना ती उगाच त्या खोलीवरून वळसा घालून जायची. तिच्या हाताखाली शिकलेले दोघं तिच्या डोक्यावरून पुढे गेले होते. दर वर्षी बढत्यांच्या सुमारास नवरा विचारी, "तुझं नाही ना झालं?" ते 'नाही ना' तिला सुईसारखं टोचे. आता नाही तर कधीच नाही, हे तिला कळून चुकलं होतं.

आलेखात दुकानं पुष्कळ होती, पण साहेबांपुढे ठेवायला हवं होतं एक हाडामांसाचं दुकान. ते घरातच होतं. तिची थोरली नणंद शिवणकामाचं दुकान चालवायची.

ताईंचं दुकान म्हणजे लांबुळकी, बोगद्यासारखी खोली. खिडकीशी दोन मशिनं, त्यावर दोघी बायका. मधे कापायचं टेबल, त्याच्या कडा खडूने पांढऱ्या पडलेल्या. भिंतीभर फळ्या आणि फळ्यांवर गाठोडी. कुणीही आत जाऊन बाहेर आलं की चपलेला चार रंगांचे दोरे चिकटलेले. ताईंची जीभ कात्रीहून धारदार होती. कात्री निदान संध्याकाळी खिळ्याला टांगता येते.

"ताई, तुमच्या फोनमध्ये एक टाकून देते," पायरीबाई म्हणाली. "भरलेलं सगळं लोखंडाच्या कपाटात ठेवल्यासारखं राहतं. आणि फार काही नाही, एकच बटण आहे."

"एकच? एवढी वर्षं ऑफिसात जातेस आणि एकच बटण केलंस?"

"बाकीची हळूहळू येतील."

"तुझ्या नवऱ्याला अक्कलही हळूहळूच येणार होती. आईने वाट बघून बघून शेवटी त्याचं लग्न लावलं."

मशिनवरच्या दोघी मान खाली घालून हसल्या. पायरीबाईही हसली, कारण काम आपलं होतं. गळ्यातली टेप घेऊन ताईंनी तिचंच माप घेतलं आणि ॲपमध्ये घातलं.

"कंबर आहे तेवढी लिहू, की वहिनी म्हणून सूट देऊ?"

"आहे तेवढी लिहा, ताई."

"बघ हं. लोखंडाच्या कपाटात जातंय म्हणालीस. पुसलं जायचं नाही."

फुगा वर आला, 'छान, पहिलं माप भरलंत.' ताईंनी त्याला बोटाने टिचकी मारली. पायरीबाईने त्यांचा टेप हातात धरलेला फोटो काढला, मागे त्या फळ्यांवरच्या गाठोड्यांसकट. दुसऱ्या दिवशी तो फोटो ऑफिसच्या भिंतीवर लागला आणि नवऱ्याने फोनवरून बहिणीला तसं कळवलंही. तिने गल्लीला कळवलं. आता खोटं कशाला बोला, ताईंना मिरवायची आवड होतीच.

फोटोत जे ढळढळीत दिसत होतं, ते मात्र काढणारीला दिसलं नाही. त्या प्रत्येक गाठोड्यात दोन कपडे होते. एक नवं कापड, आणि एक अंगाला नीट बसणारा जुना कपडा. ताईंची जवळजवळ सगळी गिऱ्हाइकं मापाला कपडा टाकून जायची. ताई तो कपडा कापडावर पसरायच्या, कडेने खडू फिरवायच्या, कुठे जरा सैल, कुठे जरा आवळ करायच्या, झालं. आकडा कुठे लिहायचाच नाही. गळ्यातली टेप असायची ती नव्या माणसासाठी, आणि थोडी डॉक्टरच्या गळ्यातल्या नळीसारखी, रुबाबासाठी. खुद्द पायरीबाईचे कपडेसुद्धा ताई तिच्या जुन्या कपड्यांवरूनच बेतत आल्या होत्या. लग्न झाल्यापासून ती स्वतः ते पिशवीत घालून नेऊन देत होती. पण शिंपी म्हटला की टेप, आणि टेप म्हटली की आकडे, हे तिच्या डोक्यात ऑफिसात बसूनच पक्कं झालेलं. तिने कधी विचारलंच नाही. घरच्या माणसाला काय विचारायचं?

त्यामुळे झालं काय, ताईंचं दुकान पहिल्या पायरीवरच बसून राहिलं. आलेखात ती रेघ झोपलेली. धबधब्या येता-जाता तिच्याकडे बघून हळूच जांभई द्यायचा.

तिने फोन लावला. "ताई, मापं भरताय ना?"

"भरते गं. हंगाम आहे."

"एकच दिसतंय. माझंच."

"मग तुझंच बघ. कमी आहे का ते?"

"ताई, थट्टा नको. माझी खुर्ची ह्याच्यावर अडकलीय. साहेब तुमच्या दुकानावरूनच ठरवणार आहेत. एवढं माझ्यासाठी करा."

पलीकडे मशिनचा आवाज थांबला. "तुझ्यासाठी ना? बरं."

त्याच वेळी 'मी असं करतच नाही' म्हणून ताईंनी सांगायला हवं होतं. पण शिकलेल्या भावजयीने टेपसकट आपला फोटो भिंतीवर लावलाय, आणि आता ती टेप दिखाऊ आहे म्हणून कुणी सांगावं? कशालाच न अडणारी जीभ नेमकी इथे अडली. शिवाय भावजय गरजवंत, हेही खरं. ताईंचं प्रेम असंच होतं. बोलताना सोलून काढायचं आणि मागितलं की द्यायचं.

त्या दुपारी त्यांनी फोन घेतला आणि गिऱ्हाइकांची नावं आठवेल तशी घालत गेल्या. नावं खरी. मापाच्या रकान्यात छाती छत्तीस, कंबर बत्तीस. दुसरीलाही छत्तीस, बत्तीस. फुगे वर येत गेले. पुढे 'तारीख द्या', 'निरोप पाठवा' ही बटणंही उगवली, ती त्यांनी खरीखुरी वापरली. नंतर एका मोठ्या रुग्णालयाच्या परिचारिकांच्या गणवेशांचं काम आलं. आजवरचं सगळ्यात मोठं काम, नीट झालं तर दर वर्षीचं. ती गाठोडी आली, प्रत्येकीचा जुना गणवेश चिठ्ठी टाचून. ताईंनी त्याही सगळ्यांची नावं ॲपमध्ये चढवली. छत्तीस, बत्तीस. रकाना रिकामा आहे का, एवढंच ॲप बघायचं. आत काय आहे, ते बघायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

आलेखातली रेघ उठून बसली, उभी राहिली, चालायला लागली. साहेब टेबलाशी येऊन म्हणाले, "तुमच्या नणंदबाई म्हणजे कमाल आहेत हो." धबधब्याच्या जांभया बंद झाल्या.

साहेबांपुढच्या सादरीकरणाच्या आदल्या दिवशी पायरीबाई पडद्याचा फोटो घ्यायला म्हणून ताईंच्या खात्यात शिरली. परिचारिकांची यादी उघडली. छत्तीस, बत्तीस. खाली सरकवलं. छत्तीस, बत्तीस. आणखी खाली. अख्ख्या रुग्णालयात जाड-बारीक असं कुणी नाहीच, सगळ्याजणी जुळ्या बहिणी. तिला आधी हसू आलं. मग आलं नाही.

तिला कळलं. सगळं नाही, पण पुरेसं कळलं. ताई आपलं मन राखायला काहीतरी भरताहेत. फोन हाताशीच होता. विचारावं? विचारलं, की उद्या साहेबांना सांगावं लागणार, की ही रेघ खोटी आहे. त्यापेक्षा उद्याचं होऊन जाऊ दे, परवा निवांत विचारू. एवीतेवी ताई काय ह्या खोट्या आकड्यांवरून थोड्याच कापणार, असं तिने स्वतःला समजावलं. मग फोटोसाठी यादीचा असा भाग निवडला, की त्यात एकच परिचारिका दिसेल.

इकडे चौथी पायरी ताईंच्या फोनवर आधीच उगवली होती. फुगा म्हणाला, 'शाब्बास, आता तुमचे कारागीर जोडा.' ताईंनी नवे कटिंग मास्तर जोडले. आधीचे म्हातारे मास्तर गावी गेले होते आणि हे नवे जेमतेम रुळत होते. त्यांच्या फोनवर 'कापायचं काम' म्हणून यादी आली, नावांसकट, मापांसकट. ताई नेमक्या तापाने घरी पडलेल्या. मास्तर खूश झाले. बाई तिखट आहेत, पण नव्या जमान्याच्या आहेत म्हणाले. रुग्णालयाच्या कापडाचा तागा टेबलावर टाकला, थरावर थर रचले आणि एकाच मापाचे सगळे गणवेश कापून मोकळे झाले. फळीवरची गाठोडी सोडायचं कारणच पडलं नाही. त्या दोघींनी शिवलेही. त्यातली एक मधे म्हणाली होती म्हणे, "मास्तर, सगळे सारखेच दिसतात." मास्तर म्हणाले, "गणवेश आहेत. सारखेच असायचे."

सादरीकरण झकास झालं. साहेब म्हणाले, सोमवारी खुर्चीचं जाहीर करतो. ती घरी जाताना काचेच्या खोलीवरून वळसा घालून नाही, सरळ खोलीत डोकावून गेली.

दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला. "जरा येऊन जा."

दुकानात कापायच्या टेबलावर परत आलेल्या गणवेशांचा ढीग होता. रुग्णालयाची एक दांडगी परिचारिका, गणवेशाची बटणं छातीपाशी हरलेली, तशीच उभी होती. "हे बघा," ती पायरीबाईला म्हणाली, जशी काही तीच दुकानाची मालकीण. "आणि आमची बारकी आत दोनदा मावते. आमच्या मेट्रन म्हणाल्या, कापड भरून द्या आणि विषय संपवा. पुढचं काम आम्ही कारखान्यात देतोय."

ती गेल्यावर ताई स्टुलावर बसल्या. तापाने तोंड उतरलेलं. मशिनवर एकच बाई होती. दुसरीला सकाळीच सांगून टाकलं होतं, की आता दोघींपुरतं काम नाही.

"टेपेने कधी कापलंय मी?" ताई म्हणाल्या. "कपड्यावरून कापते. तुझेपण. तू ॲपवर हटून बसलीस, म्हणून भरत गेले. फोन आपला फोनात, काम आपलं फळीवर, असं वाटलं होतं. ते मास्तरकडे जाईल हे कुठे कळलं?"

"फुग्यात लिहिलं होतं, ताई."

"फुगे मी वाचत नाही. कोण वाचतं?"

ताईंनी ढिगातला एक गणवेश उचलून झटकला.

"तू बघत होतीस ना आतून? रोज म्हणायचीस, रेघ वर गेली. मग एका रुग्णालयातल्या सगळ्याजणी एकाच मापाच्या कशा, असं एकदाही वाटलं नाही?"

"मी आत नाही बघितलं, ताई. आम्हाला नुसती रेघ दिसते."

ताईंनी मान हलवली. विश्वास ठेवला. "जाऊ दे. तुझी खुर्ची तरी झाली ना?"

"सोमवारी."

"मग झालं. एक तरी सुधरलं."

सोमवारच्या मीटिंगमध्ये धबधब्या तयारीनेच आला होता. मास्तरांनी कंपनीच्या मदतीच्या नंबरावर तक्रार केली होती आणि ती फिरत फिरत त्याच्या हाती लागली होती. "ज्या दुकानाचा फोटो भिंतीवर आहे," तो गोड आवाजात म्हणाला, "ते आपल्या पायऱ्यांनी खाली आलंय. ज्या बाईला मापं लागतच नाहीत, तिला आपण मापाशिवाय पुढे जाऊ दिलं नाही. माझ्या पडद्यावर असती, तर तिने ते बटण बघितलंही नसतं."

साहेबांनी पायरीबाईकडे बघितलं. "पहिली पायरीच चुकली का आपली?"

चुकली होती. 'हो' म्हणायला एक श्वास पुरला असता. पण त्या एका श्वासात खुर्ची, काचेची खोली आणि नवऱ्याचं 'नाही ना' सगळं येऊन बसलं.

"नाही," ती म्हणाली. "वापरणाऱ्याची चूक आहे. तिने जाणूनबुजून खोटी मापं भरली. खोट्या आकड्यांवर कुठलंच डिझाइन टिकणार नाही, ह्यांचंसुद्धा."

"पण त्या तुमच्या नणंद ना?"

"म्हणूनच सांगते. मी ओळखते. थोडी दिखाऊ आहे. फोटोसाठी भरलं."

साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आलेख वाचला होता. खुर्ची तिची झाली. भिंतीवरचा फोटो त्याच संध्याकाळी उतरवला गेला, आणि त्याच्या जागेची चौकट बरेच दिवस तिथे फिकट दिसत राहिली.

प्रमुख म्हणून तिने पहिलं काम काय केलं असेल? ॲपच्या सुरुवातीला एक नवा प्रश्न घातला, 'गिऱ्हाईक मापाला कपडा देतं का?' हो म्हटलं, की मापाचे आकडे वगळून कपड्याचा फोटो घ्यायचा आणि पुढे जायचं. दुकानदार भराभर टिकायला लागले. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हे सुचलं कुठून?"

"प्रत्यक्ष दुकानात जाऊन बसावं लागतं," ती म्हणाली. तेही खरंच.

आता ताईंना कळलं कसं? नवरा. त्याला बायकोचं कौतुक आवरेना. बहिणीकडे गेला आणि चहा पिता पिता सांगून बसला, धबधब्याने कसा डाव टाकला आणि हिने तो कसा उलटवला. "सरळ म्हणाली, खोटी मापं नणंदेने भरली, दिखाऊ आहे. आणि मला घरी सांगितलं, यादी आधीच बघितलेली, तरी चेहऱ्यावर रेघ नाही. साहेब गप्पच." मग बहिणीचा चेहरा बघून गडी स्वतः गप्प झाला, पण तोवर कप रिकामा झाला होता.

ताई भांडायला आल्या नाहीत. पायरीबाई दोन-तीन दिवस त्या येतील म्हणून उत्तरं तयार करत राहिली. मग एका संध्याकाळी फोन आला.

"वहिनी, ते ॲप बंद कसं करायचं? खातंच काढून टाकायचंय."

"ताई, आता नवीन आलंय त्यात, कपड्यावरून..."

"बघितलं. मला काढायचंय. बटण सापडत नाही."

सापडणार कसं? जाणारा माणूस सहज जाऊ नये म्हणून ते बटण तिनेच तळाशी ठेवलं होतं. दुसरा इलाज नव्हता. तिने सांगायला सुरुवात केली. "वर उजवीकडे तुमचं नाव आहे, ते दाबा." "दाबलं." "आता खाली या. 'इतर' दिसेल." "दिसलं." "त्यात खातं म्हणून आहे." टोमणा नाही, थट्टा नाही. एक पायरी सांगितली की ताई एक पायरी चढायच्या, आणि पुढची विचारायच्या. इतकं शहाणं वापरणारं माणूस तिला उभ्या नोकरीत भेटलं नव्हतं.

"आता विचारतंय, का सोडताय," ताई म्हणाल्या. "वाचू का? 'वापरायला अवघड.' 'गरज उरली नाही.' 'दुसरं ॲप घेतलं.' 'इतर.'"

"काहीही दाबा, ताई."

"'घरच्याच माणसाने माझ्यावर ढकललं', असं नाही दिलेलं?"

पायरीबाईने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"यादी तू आधी बघितली होतीस ना?"

"ताई, दुसऱ्या दिवशी मी विचारणारच होते."

"मग 'इतर'च दाबते," ताई म्हणाल्या. "झालं. गेलं सगळं." आणि फोन ठेवला.

पुढच्या सोमवारी काचेच्या खोलीत आठवड्याचा आढावा होता. कोण आलं, कोण गेलं, कशामुळे गेलं. सोडून जाणाऱ्यांत 'अवघड' वाले होते, 'गरज नाही' वाले होते. सगळ्यात खाली 'इतर' होतं आणि त्याच्यापुढे एकच दुकान. बैठकीतल्या एका नव्या मुलीने पेन उचललं. "ह्यांना फोन करून विचारू का, काय झालं ते?"

"एकच आहे," पायरीबाई म्हणाली. "सोडून द्या. पुढचं पान."